साठ मोदकांची बाई

"काय गो, किती नारळ फोडलेस?"

गडग्यापलीकडून काकूंचा आवाज आला तेव्हा मी खवणीवरून उठून पाठ सरळ करायला परसात आले होते. आमच्या रत्नागिरीकडे गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली कमरेएवढी भिंत. तिच्यावरून म्हैस येत नाही, पण वाट्या, बातम्या आणि अळूची पानं दिवसभर ये-जा करतात.

"चार फोडले. पण तुम्ही यंदा मोदक खाणार नाही म्हणे?"

"कोण म्हणालं?"

हे सांगायची सोय नव्हती. म्हणणारी त्यांचीच सून होती. गुडघे बोलायला लागले तसं डॉक्टरांनी काकूंना वजन उतरवायला सांगितलंय, हे आख्ख्या वाडीला ठाऊक आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाच्या १३०० कॅलरी ठरवून दिल्या आहेत, हेही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईच्या हातात असा आकडा पडल्यावर व्हायचं तेच झालं. काकूंनी वही घातली.

"खाणार नाही कशाला? दोन खाणार," काकू म्हणाल्या. "कालच हिशोब मांडून ठेवलाय. एका नारळाचं खोवलेलं खोबरं साधारण २०० ग्रॅम धर. त्याचे झाले ७००. गूळ दीडशे ग्रॅम, त्याचे ५७०. तांदळाची पिठी २०० ग्रॅम, तिचे पुन्हा ७००. सगळे मिळून १९७०. आमच्या हातचे मोदक होतात पंधरा. घाल भाग."

मी भाग घालायला लागले तोवर त्यांनीच सांगून टाकलं. "एकशे एकतीस. मोबाइलवरच्या त्या ॲपात एकाच मोदकाचे पाच निरनिराळे आकडे दाखवतात. त्यांना काय ठाऊक, मी सारण किती भरते ते!"

"दोन मोदक म्हणजे २६२."

"नि तूप?" काकूंनी असं विचारलं की मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं. "तुपाच्या ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला ४. चहाच्या चमच्याने एक चमचा घेतलंस तर ४५ होतात. पण मोदक फोडून वर पळीने ओतलंस, की १५ ग्रॅम कुठेच गेलं नाही. त्याचे १३५. म्हणजे न चावता गिळलेला तिसरा मोदक!"

काकूंनी चमचाभर तूप धरून दोन मोदकांचा खर्च तीनशेच्या थोडा वर काढला होता. तो कुठून काढायचा तेही ठरलेलं. जेवताना एक पोळी कमी, आणि भाताची मूद पानातून गायब. वरण, मटकीची उसळ, कोशिंबीर यांना हात लावायचा नाही. ही माझ्या मते त्या वहीतली सगळ्यात शहाणी ओळ. आपल्यातल्या बहुतेक बायका नेमकं उलटं करतात. गोड आहे म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवतात आणि मग पानावर बसल्या की दोनाचे सहा कधी झाले ते कळत नाही. उसळ पोटात असली तर हात आपोआप थांबतो.

"बैठं काम करणाऱ्या पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या पोषण संस्थेनं सांगितलंय," काकू म्हणाल्या. "माझं वय धरता त्याहून कमी. तेव्हा जे आहे त्यातच भागवायचं. पेन्शनीत सण करतोच ना आपण?"

"आणि पुरणपोळी? ती कशी बसवणार?"

"ती चहातून निघते."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवसाला तीन कप चहा घेतात, कपात दोन चमचे साखर. आता एकच चमचा. चमचाभर साखरेचे २० धरले तर दिवसाला ६० वाचले, आठवड्याला ४२०. पुरण, कणीक, वरचं तूप धरून त्यांच्या मापाची पोळी साडेतीनशेला बसते. वर सत्तर शिल्लक.

"चहा मात्र पहिल्या आठवड्यात औषधासारखा लागला हो," त्यांनी कबूल केलं. "आता दोन चमच्यांचा कोणी दिला तर पाक वाटतो."

"मग साखरेऐवजी गूळच घाला की. गुळानं काही होत नाही म्हणतात."

"म्हणणाऱ्यांना वजनकाट्यावर उभं कर! शंभर ग्रॅम साखरेच्या ४००, गुळाच्या ३८०. वीस कॅलरींसाठी चहा फाटवून घेऊ? आमच्या ह्यांना मधुमेह, तर ह्यांनाही कोणीतरी हेच सांगून आलं. मोदक गुळाचा आहे, खुशाल खा म्हणे. मी म्हटलं, ह्यांचा मोदक डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही."

हे म्हणताना त्या माझ्याचकडे बघत होत्या. मी विषय बदलला.

"कोपऱ्यावरच्या वहिनी तर गोडाला शिवतच नाहीत."

काकूंनी मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं, आणि गडग्यावर दोन्ही कोपरं टेकली. आता खरी बातमी येणार.

"गेल्या गणपतीत चार दिवस मोदक खाल्ला नाही, पेढा नाही, पंचखाद्य नाही. आरतीला आलेल्या सगळ्यांना सांगून झालं. आणि पाचव्या रात्री, विसर्जन करून बापये परत आले तेव्हा ही स्वयंपाकघरात दिवा न लावता करंज्यांचा डबा घेऊन बसलेली. अर्धा डबा संपला होता. दुसऱ्या दिवशी काट्यावर चढली तर दीड किलो जास्त. माझ्याकडे रडत आली, काकू, दोन दिवसांत दीड किलो चरबी चढली!"

"चढते?"

"कशी चढेल? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तेवढं नेहमीच्या जेवणावर जादा खायचं तर आपले साठ मोदक झाले. दीड किलोला नव्वद. देवाला एकवीस लागतात नि हिला नव्वद? खारट-गोड खाल्लं की अंगात पाणी धरतं, त्याचं ते वजन. चार दिवस नेहमीचं जेवलीस की उतरेल, असं सांगितलं तिला. पण तिनं काय केलं? दोन दिवस नुसतं ताक. तिसऱ्या दिवशी परत डबा."

त्या वहिनींना तेव्हापासून काकू 'साठ मोदकांची बाई' म्हणतात. हिशोबाने नव्वद, पण साठ तोंडात बसलं. तोंडावर अर्थातच कोणी म्हणत नाही.

"वरच्या अंगणातले भाऊ बरे मग. ते दीक्षित करतात."

"दीक्षित डॉक्टरांचं मला पटतं, दोनदा जेवायचं, पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. पण भाऊ ती पंचावन्न मिनिटं कशी वापरतात बघितलंस? चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी मागतात."

इतक्यात घरातून शिट्टी ऐकू आली. काकूंची नव्हे, माझ्या कुकरची. मी जायला वळले तर काकूंनी पदर धरून थांबवलं. मुद्दा अजून यायचा होता म्हणे.

"पानात वाढून घेतलेलं कधी कोणाला बाधलं नाही गो. बाधतं ते कट्ट्याशी उभ्यानं खाल्लेलं. सारणाच्या कढईची खरवड. मोडलेला मोदक. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या. नातवानं अर्धी टाकलेली करंजी, फुकट जायला नको म्हणून. मी एकदा चार दिवस तेवढंच वहीत लिहिलं. मोदकांचे सणभरात पाचशे-सहाशे झाले, आणि ह्या किडुकमिडुकाचे त्याच्या दुप्पट."

"पण सवय असते ना हाताला."

"आज बघ, नैवेद्य होईपर्यंत खोबऱ्याचा कणसुद्धा तोंडात टाकत नाहीस. सकाळपासून खवत्येस, सारण हलवत्येस, जीभ आहे का जाग्यावर? आहे ना. मग गणपतीलाच ते जमतं नि शंकरपाळ्यांना जमत नाही, असं कसं? मी आता रोज तसंच करते. रांधताना काही नाही. चव बघायला सून आहे."

मला हे फार पटलं. शिवाय ह्याच सणात दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी असते. बैलाच्या कष्टाचं काही नाही, बरीच घरं तेलही घालत नाहीत. अळू, माठ, पडवळ, भेंडी, सुरण, कणसाचे तुकडे. वाडगाभर खाल्ली तरी वहीची पाव ओळ भरत नाही. मोदकाच्या दुसऱ्याच दिवशी ती नेमून ठेवणाऱ्यानं कॅलरी मोजल्या नसतील, पण पंचांगात हलकं जेवण आयतंच लिहिलेलं आहे. त्याकडे आपण मोदक संपवायचा दिवस म्हणून बघतो, तो भाग वेगळा.

"आणि आरतीचं काय? घरोघर जायचं, प्रत्येक ठिकाणी प्रसाद. नाही म्हणता येत नाही."

"प्रसाद चिमटीनं घ्यावा. एक पेढा ऐंशीच्या घरात जातो, आरत्या होतात सात घरी. मी तुकडा मोडून घेते, उरलेला ह्यांच्या... नको, ह्यांच्या हातात नको. मुलांना देते. आणि एका घरी मात्र नीट बसून खायचं. कुठल्या, ते सकाळीच ठरवते. नाहीतर सातही घरी मन राहतं."

"वाट्यांचं काय करता? रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून तुम्ही लाडू पाठवायच्या, मी चिवडा, की परत तुमच्या चकल्या."

"ते मीच बंद केलंय, तुझ्या लक्षात नाही आलं? गेल्या खेपेला वाटीतून काय आलं?"

तवशाच्या फोडी आल्या होत्या. मीठ लावलेल्या. मला वाटलं होतं, मांडवाला तवशी फार लागली असतील.

"आता गौरी जेवतील," काकू म्हणाल्या. "तुझं घाटलं सुरेख असतं. दोन घावन दे, घाटलं लहान वाटीत, आणि गूळ किती घातलास ते सांगून पाठव. अंदाजे नको, वजन करून."

"बरं. आणि त्या करंज्यांच्या वहिनींना सांगा हो जरा हे सगळं. पुन्हा चार दिवस उपाशी राहतील."

"सांगणार तर. आजच सांगते, आरतीला जाईन तेव्हा. बसून खायला आज तिचंच घर धरलंय." काकूंनी पदर खोचला. "करंज्या मात्र हिच्यासारख्या कोणाला येत नाहीत. एक लिहून ठेवलीय वहीत."