दोघांनी गावी राहायचं कसं? (नवशिक्यांसाठी)

पात्रता

एक नवरा, एक बायको, दोघांपैकी एकाचं तरी पेन्शन, आणि कोकणात एक जुनं घर, जे भाऊबंदांपैकी कुणालाच नको आहे. (हवं असतं तर तुमच्या वाट्याला आलंच नसतं.) गुडघे शाबूत असावेत, कारण आमच्या गुहागर तालुक्यात घर रस्त्याच्या एक तर वर असतं नाहीतर खाली, आणि मधे पाखाडी असते. शेतीचं ज्ञान नसलं तरी अडत नाही. नवऱ्याला ते मोबाईलवर मिळतं.

मूळ अडचण

नवशिक्यांचा समज असा असतो की गावी गेल्यावर विहीर, साप आणि पाऊस यांच्याशी जमवून घ्यायचं. त्या गोष्टी शेजारी शिकवतात, तेही न विचारता. जमवून घ्यायचं असतं ते घरातल्या माणसाशी. तुम्ही म्हणाल, तीस-पस्तीस वर्षं संसार केला की! केला, पण डोंबिवलीत. तिथे नवरा सकाळच्या फास्ट लोकलने जायचा, रात्री जेवून बातम्या बघायचा आणि रविवारी दुपारी झोपायचा. जागा आणि घरात असा तो एकदम सापडायचा कधी? गावी तो पहाटेपासून रात्रीपर्यंत जागाही असतो आणि घरातही. शिवाय डब्यात कुठली डाळ कुठे ठेवावी याविषयी त्याला अचानक मतं फुटतात.

यावर उपाय म्हणजे हद्दी आखून घेणे. कोकणी घर या कामाला फार सोयीचं. खळं आणि पडवी ह्यांची. स्वयंपाकघर आणि मागचं दार माझं. माजघर सामायिक. सातबारावरच्या सामायिकाप्रमाणेच तिथेही कुणी कुणाला विचारल्याशिवाय काही हलवायचं नाही.

पंप चालू करणे

हा धडा नीट वाचा, बाकीचे चाळले तरी चालतील.

विहिरीवरचा पंप एका सकाळी नुसता घुमतो आणि टाकीत पाणी चढत नाही. अशा वेळी बायकोने स्वयंपाकघरातून एवढंच म्हणावं, "पाणी येत नाहीये." कारण सांगू नये. कारण बहुतेकदा तिला माहीत असतं: फूटव्हॉल्वमध्ये पालापाचोळा अडकलाय, झडप मिटत नाही, पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि पंप हवा ओढत बसतो. पण हे सांगितलं तर काम अर्ध्या तासात संपेल, आणि पुढचा आख्खा दिवस तुमचा तुम्हाला निस्तरावा लागेल.

नवरा प्रथम व्होल्टेजला दोष देईल. देऊ द्या. मग तो पाना घेऊन विहिरीवर जाईल, पंपाच्या डोक्यावरचं बूच काढेल आणि त्या भोकातून तांब्याने पाणी ओतू लागेल. पाणी गुडगुड करत खाली जातं, वर दोन बुडबुडे येतात, पुन्हा पातळी उतरते, पुन्हा तांब्या. बूच लावून स्टार्टर दाबला की पाइपातून एक पिचकारी येते आणि बंद होते. त्या पिचकारीकडे बघून नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी ह्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

एव्हाना गडग्यापलीकडून जाणारा पहिला माणूस थांबलेला असतो. आमच्याकडे दुसऱ्याचा पंप बिघडलेला दिसला आणि माणूस तसाच पुढे गेला, असं होत नाही. पहिला म्हणतो पॅकिंग गेलं. दुसरा म्हणतो कपॅसिटर गेला. तिसरा काही म्हणत नाही, सरळ बेडं ओलांडून आत येतो आणि काठावर बसतो. तुम्ही चहाचं आधण ठेवा. शेवटी कुणीतरी पाइप वर ओढतं, झडपेतून आंब्याचं कुजकं पान काढतं आणि पाणी चढतं. इथे एकच पथ्य पाळायचं: "मी म्हणतच होते" हे वाक्य वापरायचं नाही. ते मे महिन्यात पाहुण्यांसमोर वापरण्यासाठी राखून ठेवा.

मुलगा शहरातून म्हणेल, "आई, सबमर्सिबल बसवून देतो, कटकट संपेल." देऊ देऊ नका. कटकट संपली तर हे दिवसभर करतील काय?

पावसाळा

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा तुमच्या माजघरात पडतो. म्हणून मृगाच्या आधी घर शाकारून घ्यावं. शाकारणाऱ्याला एप्रिलमध्ये सांगितलं तर तो मेअखेरीस येतो आणि मेमध्ये सांगितलं तर गणपतीत भेटतो. त्याने नीट बसवलेल्या कौलांवर वानरं दुसऱ्याच दिवशी उड्या मारतात. नवऱ्याला शिडीवर चढू देऊ नये. खाली उभं राहून "थोडं डावीकडे" म्हणण्याचं काम त्याला द्यावं. कचेरीत साहेब असलेल्या माणसाला ते आयतं जमतं.

फुरसं

चिऱ्यांचे ढीग आवारात रचून ठेवू नयेत. फुरशाला ते आवडतात. रात्री बॅटरीशिवाय मागच्या दाराबाहेर पाय टाकायचा नाही. चावलंच तर मांत्रिक नाही आणि आवळून दोरीही नाही, चावलेला भाग न हलवता सरळ आरोग्य केंद्र. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारींवर एकच प्रतिविष चालतं. एवढ्या बाबतीत थट्टा नको.

फोन

रेंज फणसाखाली येते, बाकी कुठेही नाही. त्यामुळे लेकीशी सासूबद्दल बोलायचं तर खळ्याच्या कडेला उभं राहून, मोठ्याने, आख्ख्या वाडीदेखत बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुकानात "मग काय, नरमली का सासू?" असं कुणी विचारलं तर रागावू नये. सल्ला बहुधा बरा असतो.

प्रवास

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पुरुषाला अर्ध्या तिकिटासाठी पासष्टीपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे साठाव्या वर्षी निवृत्त झालेला नवरा पुढची काही वर्षं चिपळूणपर्यंत तुमच्या दुप्पट पैसे देऊन येतो. कंडक्टरसमोर त्याच्याकडे बघायचं नाही. पंच्याहत्तरीनंतर दोघंही फुकट, तेव्हा तब्येत सांभाळा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे मुंबईला लेकाकडे जाताना समानता असते.

पाहुणे

मे महिन्यात येतात. "किती शांत आहे ना इथे!" असं सकाळी म्हणतात आणि दुपारी वायफायचं विचारतात. त्यातला एक जण हमखास होमस्टे काढायला सुचवतो. "पुढच्या वर्षी बघू" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. खरं सांगायचं तर एकमेकांचं करता करताच दिवस मावळतो, त्यात परक्यांच्या अंघोळीची पाणी कोण तापवणार? आणि पंपाचं तुम्ही वर वाचलंच आहे.

हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्याने आपण जिवंत असल्याचं बँकेत दाखवायचं असतं. वयाची ऐंशी पार केलेल्या केंद्र सरकारी पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण फणसाखाली ऊन असलं की चेहरा ओळखत नाही. त्यापेक्षा सकाळच्या एसटीने दोघांनी मिळून बँकेत जावं. आधार कार्ड आणि पेन्शनचा क्रमांक बरोबर ठेवा, अंगठा उमटत नसेल तर घरूनच हात धुऊन निघा, आणि पंप बंद केलाय ना, हे पाखाडी उतरण्याआधी एकदा ह्यांना विचारा.