कोपरीतून कुत्र्याची दाढ परळला कशी न्यावी

कुत्र्याचा दात दुखतोय हे मान्य करण्याआधी बाकीची सगळी कारणे संपवावीत, हा पहिला नियम. तोंडाला वास येतो? चिकन बंद करा. एकाच बाजूने चावतो? लाडावलाय. डोळ्याखाली सूज आली की घरात एकमताने डोळ्याचे थेंब आणावेत. वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेची तीन मुळे थेट डोळ्याखाली रुतलेली असतात आणि तिथे पू झाला की सूज डोळ्याखालीच दिसते, ही क्षुल्लक बाब निदान महिनाभर कोणाला सुचू देऊ नये.

मग सोसायटीचा सल्ला घ्यावा. लवंगतेल, हळद, नजर काढणे, सगळे ऐकून घ्यावे. फक्त घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये; हे मात्र गंभीरपणे सांगतो. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड बिघडते आणि आपल्या काही टूथपेस्टमधले झायलिटॉल त्याला विष असते.

तोंड उघडून बघायचे काम घरातल्या जावयाकडे सोपवावे. आत बेचाळीस दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे कळल्याशिवाय खिशाला हात लावत नाही. आपण मात्र पिल्लाला हजारो रुपये मोजतो आणि त्याचे तोंड प्रथम बघतो ते ते कुजल्यावर.

आता तज्ज्ञ. माणसांच्या दंतवैद्याकडे नेऊ नये, त्याची खुर्ची माणसांसाठी असते. पशुवैद्यांमध्ये शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला शोधावा आणि विचारावे: दातांचा एक्स-रे निघतो का, आधी रक्त तपासता का, भूल देताना श्वासनलिकेत नळी घालता का? ‘भूल न देता दहा मिनिटांत दात चकाचक’ असे कोणी म्हटले तर नमस्कार करून निघावे. त्यात दिसणारा भाग चमकतो, रोग हिरडीखाली असतो तो तसाच राहतो.

आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टर सांगतील. ग्लुकोज बिस्किटांचा डबा आजीपासून लपवण्याची जबाबदारी तुमची.

परळच्या जनावरांच्या रुग्णालयात जायचे ठरले, तर आधी फोन करून दातांची सोय आणि वेळ विचारावी. कोपरी पूल पार झाला की आनंदनगर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही. त्या बचतीत शस्त्रक्रिया होईल असे मात्र समजू नये. रिक्षाने निघालात तर सायनपर्यंतच. पुढे मुंबई शहरात रिक्षाला बंदी आहे, तिथे कुत्र्यासह टॅक्सीवाल्याची मनधरणी करावी. परळला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ विचारा, जुनी माणसे लगेच रस्ता दाखवतील. त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या काळी रस्त्यावर ट्रामही घोडेच ओढत. तेव्हा रांगेत तुमच्या पोमेरेनियनने भाव खाऊ नये.

दाढ काढावी लागली तर घाबरू नका, काही दिवस मऊ खाऊन कुत्रा मजेत राहतो. उरलेल्या एकेचाळीस दातांना मात्र रोज ब्रश लागतो, आणि टूथपेस्ट कुत्र्यांचीच आणा.