कुरोसावा, सासूबाई आणि लाऊडस्पीकर

अकिरा कुरोसावा मागच्या जन्मी गिरगावात, रस्त्याकडच्या खोलीत राहत असणार, असं माझं ठाम मत आहे. जन्म 23 मार्च 1910, तोक्यो, हे मला पाठ आहे. त्यानं माझं मत बदलत नाही. आनंदाच्या गाण्यानं दुःख जास्त झोंबतं, हे ज्याला कळलं, त्याच्या खिडकीसमोर कधी ना कधी मांडव पडलेला असणारच.

पुरावा त्याच्याच आत्मचरित्रात आहे. ‘ड्रंकन एंजल’चं काम चाललं होतं तेव्हा त्याचे वडील वारले. तो सुन्न होऊन रस्त्यानं भटकत होता आणि कुठल्याशा लाऊडस्पीकरवर ‘कुकू वॉल्ट्झ’ लागलं होतं. अगदी बागडणारी, बालवाडीच्या स्नेहसंमेलनात शोभावी अशी धून. तिनं तो आणखीच खचला. मग त्यानं तीच धून चित्रपटात घातली. कुठे, तर क्षयानं पोखरलेला, पत गेलेला गुंड झालेला तोशिरो मिफुने एकटा बाजारातून चालतो तिथे. साल 1948. संगीतकार फुमिओ हायासाका, आणि दोघांचा हा पहिलाच एकत्र चित्रपट.

जाणकार याला काउंटरपॉइंट म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी जाणकार लागत नाहीत. माझं लग्न पहिल्यांदा ठरता ठरता मोडलं, त्या संध्याकाळी समोरच्या पूजेच्या कर्ण्यावर ओळीनं लग्नाचीच गाणी लागली होती. मी उशीत तोंड खुपसून रडत होते आणि माझा पाय ठेका धरत होता. आईनं पाय बघितला आणि बाबांना सांगितलं, “सावरली बरं का ती!”

पुढे मी कुरोसावाचा ‘इकिरू’ (1952) पाहिला. मरायला टेकलेला कारकून वातानाबे, आपल्या हातून अजून काहीतरी होऊ शकेल हे उमगून हॉटेलचा जिना घाईघाईनं उतरतो, आणि जिन्यावरची पोरं ‘हॅपी बर्थडे’ गायला लागतात. त्याच्यासाठी नव्हे, वर येणाऱ्या दुसऱ्याच मुलीसाठी. ‘स्ट्रे डॉग’मध्ये (1949) पोलीस आणि चोर चिखलात लोळत असतात आणि शेजारच्या घरात एक बाई शांतपणे पियानोचा रियाज करत असते. पियानोच्या जागी पेटी ठेवा, ही आमची चाळ. कुणाच्याही मरणासाठी कुणाचाही रियाज थांबत नाही.

जपान्यांचं मला एकाच बाबतीत जरा कमी वाटतं. ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी आमच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, आणि जपानचा पहिला यशस्वी बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. म्हणजे गिरगावानं जपानच्या आधी तोंड उघडलं. गिरगावकरांना ओळखणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पण बोलपटांनी नुकसानही केलं. मूकपटांना पडद्यापुढे बसून साथ करणाऱ्या आमच्या तबलापेटीवाल्यांचं काम गेलं, तसं तिकडे पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या ‘बेन्शीं’चंही गेलं. कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो बेन्शी होता. धाकट्याला सिनेमाचा नाद त्यानंच लावला. 1933 मध्ये त्यानं आत्महत्या केली. कुरोसावाच्या सिनेमात आवाजाला एवढी किंमत का, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

भक्त असले तरी मी आंधळी नाही. ‘राशोमोन’साठी (1950) त्यानं हायासाकाकडून रॅव्हेलच्या ‘बोलेरो’च्या वळणाचं संगीत करून घेतलं, ते मला आजही उसन्या शालूसारखं वाटतं. त्या चित्रपटाला 1951 मध्ये व्हेनिसला गोल्डन लायन मिळाला, तेव्हा माझ्या मताची फार फिकीर करू नका. हायासाका 1955 मध्ये क्षयानंच गेला, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. हातातलं अर्धं राहिलेलं संगीत त्याचा शिष्य मासारू सातो यानं पुरं केलं.

‘योजिंबो’चं (1961) संगीत या सातोचं. मालक नसलेला सामुराई (पुन्हा मिफुनेच) तिठ्यावर काठी उडवतो, ती पडेल त्या वाटेला लागतो, आणि मागे ढोलाची ती मग्रूर चाल. ती कानात घालून मी ठाकुरद्वार नाक्यावर मिफुनेसारखा खांदा उडवत चालले, तर भाजीवाला म्हणाला, “ताई, मान धरलीय का?”

घरी मात्र माझ्या भक्तीची परीक्षा सासूबाई घेतात. त्या गुहागरकडच्या. मी लावलेला कुठलाही सिनेमा त्या तांदूळ निवडता निवडता पाहतात. मिफुनेवर त्यांचा पहिला शेरा, “अगं, हा सारखा अंग का खाजवतो? न्हायला घाला त्याला.”

‘रान’मध्ये (1985) किल्ल्यावरच्या हल्ल्याचा मोठा प्रसंग आहे. माणसं पडतायत, रक्त वाहतंय, आणि कुरोसावानं रणांगणाचे सगळे आवाज काढून टाकलेत. फक्त तोरू ताकेमित्सूचं संथ, शोकाकुल संगीत. (या संगीतावरून दोघांचे भरपूर खटके उडाले. कुरोसावाला महलरच्या धर्तीचं हवं होतं.) मग एकच बंदुकीचा बार होतो आणि जगाचा सगळा कल्लोळ परत येतो. जगभरच्या समीक्षकांनी या शांततेवर लिहिलंय. आमच्या घरात ती अजून कुणी ऐकलेली नाही. किल्ला जळत असताना खाली भंगारवाला ओरडत होता, वर कुणीतरी खलबत्ता कुटत होतं, आणि बंदुकीचा बार व कुकरची तिसरी शिट्टी एकदमच झाली. सासूबाई म्हणाल्या, “बंद कर.” मी टीव्ही बंद केला. त्यांना गॅस म्हणायचं होतं.

पण ‘ड्रीम्स’मध्ये (1990) त्या मला मागे टाकून गेल्या. ऊन असताना पाऊस पडतो आणि आई मुलाला घराबाहेर जाऊ नको म्हणते. मी काही सांगण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, “आज कोल्ह्याचं लग्न असणार.” आणि खरंच, धुक्यातून कोल्ह्यांची वरात आली! शेवटच्या गोष्टीत नव्व्याण्णव वर्षांच्या म्हातारीची अंत्ययात्रा नाचत-गात, वाजतगाजत निघते आणि एकशे तीन वर्षांचा म्हातारा हातातलं काम टाकून तिच्यात सामील होतो. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “माझ्या वेळी असंच करा. डीजे मात्र नको.”

‘सेव्हन सामुराई’ (1954) तीन तास सत्तावीस मिनिटांचा आहे. जपानी असूनही मध्यंतरासकट, त्यामुळे आमच्याकडे त्याला चहाची सोय आहे. शेवटी लढाई संपते, गावकरी ढोल-बासरीच्या तालावर गात भात लावतात आणि उरलेले तीन सामुराई बाजूला उभे राहून बघतात. जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे, असं त्यांचा म्होरक्या म्हणतो. मी दर वेळी इथे डोळे पुसते. सासूबाईंना शेतकरी जिंकल्याचं मान्य आहे. फक्त रोपं फार दाट लावतायत, असं त्यांचं म्हणणं.

आता गिरगावातल्या तमाम बेंजो पार्ट्यांना आणि बँडवाल्यांना माझी एक विनंती आहे. त्याच चित्रपटातली सामुराईंची धून एकदा ऐका. पितळी वाद्यांची, संथ पावलांची, मान ताठ करणारी. हायासाकानं ती जणू विसर्जनाच्या मिरवणुकीसाठीच बांधलीय. यंदा अनंत चतुर्दशीला चौपाटीच्या वाटेवर ती वाजवा. सुपारीत माझी वर्गणी धरा, आणि आमच्या खिडकीखाली दोन मिनिटं जास्त थांबा.