चाकणच्या बंदरातला फ्रीज

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही आणि इंद्रायणीत होड्यांऐवजी फेस तरंगतो. तरी संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला ट्रेलर नांगर टाकलेल्या गलबताहून वेगळा कुठे? ओळखीच्या ड्रायव्हरदादांच्या केबिनमधला २४ व्होल्टचा फ्रीज तिथेच बसला. मिस्त्री म्हणाला, "बॅटरी गेली." नवी आणली, फ्रीज ढिम्म. दोष निघाला बारीक वायरीत आणि गंजलेल्या टर्मिनलात. बॅटरीवर २५ व्होल्ट, फ्रीजपाशी जेमतेम २२! मग बॅटरी वाचवायला नेमलेला कटऑफ इमानेइतबारे फ्रीजच बंद करणार. अ‍ॅडॅप्टर जोडून घरच्या २३० व्होल्टवर लावावा, तर गुरुवार. लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज बंद. तेव्हा दादा, पुढच्या वेळी पाकीट काढण्याआधी मीटर काढा. आणि तो बॅटरीवर नव्हे, कंप्रेसर सुरू होताना फ्रीजच्या टोकाला लावा.