कोमट पाण्याची मीमांसा

कढत पाणी अंगाला सोसेल इतके निववण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात त्याला मराठीत विसण म्हणतात, आणि ज्या भाषेने या गार पाण्यासाठी स्वतंत्र शब्द घडवला तिने मूळचे पाणी कढत असणारच हे गृहीत धरले होते, हे उघड आहे. या गृहीतकाला तडा जातो तो ब्रिटनमध्ये, जेथे लंडनच्या उपनगरात स्थिरावलेले मराठी कुटुंब ऐन जानेवारीत गरम पाण्याच्या नळाखाली हात धरते आणि नळातून येणारे पाणी हेच मुळात विसण आहे, असा निष्कर्ष काढते. या घटनेस कारण होणारे यंत्र म्हणजे कॉम्बी बॉयलर होय.

कॉम्बी बॉयलर हे गॅसवर चालणारे आणि भिंतीवर टांगलेले असे यंत्र आहे, ज्याच्याकडे घर ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांचे पाणी फिरवणे आणि नळाचे पाणी तापवणे अशी दोन्ही खाती असतात. बंबाशी त्याची तुलना केल्यास मुख्य भेद साठवणीचा दिसतो, कारण बंब तास-अर्धा तास धुमसून पोटात पाणी धरून ठेवतो, तर कॉम्बी बॉयलर काहीही साठवत नाही आणि नळ उघडताच वाहत्या पाण्याला वाटेतच गाठून तापवतो. हा खटाटोप जुनाच आहे, कारण लंडनच्या बेंजामिन मॉन या रंगाऱ्याने वाहते पाणी गॅसवर तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट १८६८ मध्ये घेतले आणि त्याला आइसलँडमधील उष्ण कारंज्यावरून ‘गीझर’ हे नाव दिले, जे पुढे विजेच्या टाकीला चिकटून मराठी न्हाणीघरात आले आणि बंबाला अडगळीत धाडून तेथेच राहिले.

पाणी पुरेसे तापत नाही अशी तक्रार उद्भवताच बॉयलरवर संशय घेण्यापूर्वी अंकगणिताला विचारणे श्रेयस्कर ठरते. २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला सुमारे ९.८ लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवू शकतो, म्हणून रस्त्याखालच्या नळातून ६ अंशांचे पाणी येत असताना तो ४१ अंशांचे पाणी देतो; परंतु नळ पुरता सोडून मिनिटाला १४ लिटरची अपेक्षा धरल्यास वाढ जेमतेम २५ अंशांची होते आणि पाणी ३१ अंशांवर, म्हणजे ज्यात ना आंघोळ होते ना तक्रारीला जोर येतो अशा अवस्थेत अडकते. अशा वेळी दुरुस्ती नळ थोडा आवळण्यापुरतीच असते व ती फुकट होते, आणि बहुधा याच कारणाने तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

नळ आवळूनही पाणी कोमटच राहिले, तर रेडिएटरांना हात लावून पाहावा. ते चांगले तापत असतील, तर गॅस, ज्योत आणि पाणी फिरवणारा पंप हे तिघेही निर्दोष ठरतात आणि संशयाची सुई पुढील काही भागांकडे वळते. त्यांतील पहिला म्हणजे तीन तोंडांची झडप, जी पंगतीतल्या वाढप्यासारखी असते: नळ उघडताच तिने रेडिएटरांची पंगत सोडून सगळी उष्णता नळाच्या पानावर वाढायची असते. वयपरत्वे ती मध्येच अडकली, तर भर उन्हाळ्यात भांडी घासताना बैठकीतला रेडिएटर तापू लागतो, आणि हे लक्षण दिसल्यास वाढपी दोन्ही पंगतींना एकाच वेळी वाढत आहे, असे खुशाल समजावे.

दुसरा संशयित थर्मिस्टर होय. हा पाण्याचे तापमान मोजणारा छोटा भाग असून तापत गेला की विजेला होणारा त्याचा विरोध कमी होत जातो; संसारात तापलेल्या माणसाचा विरोध वाढतच जातो, हे लक्षात घेता हा गुण दुर्मीळच म्हणावा लागेल. मात्र तो बिघडला की थंड पाण्यालाही गरम समजतो, आणि त्याच्या शब्दावर विसंबून बॉयलर ज्योत बारीक करतो.

तिसरा आणि सर्वांत नामांकित संशयित म्हणजे पातळ पत्र्यांचा उष्णता-विनिमयक. यात नागमोडी पन्हळींचे पोलादी पत्रे एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्या फटींतून एकाआड एक बॉयलरचे तापलेले पाणी व नळाचे गार पाणी वाहते. चाळीतल्या भिंतीतून माणसे आरपार जात नाहीत पण बातम्या जातात, त्याच न्यायाने येथे पाणी पलीकडे जात नाही, फक्त ऊब जाते. लंडनचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येत असल्याने मराठी पाठ्यपुस्तक ज्याला दुष्फेन आणि मराठी स्वयंपाकघर ज्याला ‘डाळ न शिजणारे’ म्हणते, त्या जातीचे असते, आणि ते तापताच त्यातील चुना पत्र्यांवर पांढरे पुट धरतो. पलीकडच्या अंगाला रेडिएटरांच्या गंजाचा काळा गाळ साचतो. अशा रीतीने भिंत दोन्ही बाजूंनी जाड झाली की ऊब पलीकडे पोचत नाही, बॉयलरचे स्वतःचे पाणी मात्र झटपट मर्यादेपर्यंत तापते, आणि आपले काम झाले अशा समजुतीने तो ज्योत विझवून काही वेळाने पुन्हा पेटवतो.

पुटावर उपाय आम्लाचा आहे. बंब चिंचेने लखलखीत करणाऱ्या पिढ्यांना यात नवे काही वाटू नये, फक्त येथे चिंचेऐवजी लिंबूसत्त्वाचे पाणी वापरतात, आणि पुट फारच मुरलेले असल्यास विनिमयक बदलूनच टाकतात. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार गॅसचे काम नोंदणीकृत माणसानेच करायचे असते. ही नोंदणी २००९ पासून गॅस सेफ रजिस्टरकडे आहे, त्यामुळे मराठी घरधन्याच्या हातातील स्क्रूड्रायव्हर आतील भागांपर्यंत पोचत नाही आणि दाबाचा काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान आणून ठेवण्यावर त्याला समाधान मानावे लागते. या देशात बॉयलर दुरुस्त करणाऱ्यास इंजिनियर म्हणतात, त्यामुळे अभियांत्रिकीची पदवी घेऊन सातासमुद्रापार आलेला गृहस्थ रजा काढून सकाळी आठ ते दुपारी एकपर्यंत इंजिनियरची वाट पाहत बसतो. इंजिनियर येतो, झाकण उघडतो, दातांतून हवा आत ओढून दीर्घ सुस्कारा सोडतो, आणि हा सुस्कारा जितका लांब तितके बिल मोठे, हे सूत्र कोणत्याही नियमावलीत नसूनही सर्वत्र पाळले जाते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळी पाणी खरोखरच कढत येते, आणि तेव्हा ब्रिटिश घराचा एक जुना रिवाज ध्यानात येतो. माळ्यावरच्या टाकीतून येणारे गरम पाणी पिण्यायोग्य मानले जात नसल्याने येथे गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे ठेवत, आणि कॉम्बी बॉयलरने टाकी नाहीशी केल्यावरही अनेक न्हाणीघरांत ते दोन नळ, अबोला धरलेल्या जावांसारखे, टोकाटोकांना उभे असतात. एकाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली गारठतो. मराठी कुटुंब मात्र डगमगत नाही, कारण भारतातून आणलेली प्लॅस्टिकची बादली त्याच्यापाशी असते. ती गरम नळाखाली पाऊण भरली जाते, नंतर गार नळाखाली सरकवली जाते, आणि इतक्या यंत्रांच्या, नियमांच्या व बिलाच्या प्रवासाअंती तिच्यात बेताने विसण पडते.