नव्या वॉल्डॉर्फ बाईंसाठी सूचना, मुक्काम फरीदाबाद

वॉल्डॉर्फ म्हणजे कुठला बोर्ड, असं विचारणारा पहिला पालक तुम्हाला गेटपाशीच भेटेल. त्याला खरं सांगून टाका: हे एका सिगारेटच्या कारखान्याचं नाव आहे. 1919 साली जर्मनीत श्टुटगार्टला एमिल मोल्ट या कारखानदाराला आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. ती उभी करायला त्याने रुडॉल्फ स्टायनर या तत्त्वज्ञाला बोलावलं, आणि कारखान्याचं नाव शाळेला चिकटलं ते चिकटलंच. दुसरीकडे हे ऐकून पालकांच्या भुवया वर जात असतील, फरीदाबादेत माना डोलतात. ट्रॅक्टर घडवणाऱ्या गावाला कारखान्यातून निघालेली शाळा परकी वाटत नाही. फक्त ‘सिगारेट’ हा शब्द जरा हळू म्हणा.

आता सामान. मुंबईतली त्रिधा, हैदराबादची स्लोका या वॉल्डॉर्फ शाळांचे फोटो पाहून तुम्ही भुलला असाल: लाकडी फळ्या, रेशमी पडदे, मधमाशीच्या मेणाचे रंगीत तुकडे. पुस्तकात लिहिलेलं असतं की मेण तळहातात धरावं, उबेने ते मऊ होतं, मग त्याचा पक्षी करावा. पुस्तक थंड देशातलं आहे आणि त्या देशात खोल्या गरम करतात. आपल्याकडे जानेवारीत मेणाचा तुकडा म्हणजे गोटा. पोरं तो काखेत धरून बसतात, मी गोष्ट सांगते, आणि राजकन्या सुटेपर्यंत मेण चिमणी करण्याजोगं होतं. काखेत मेण धरलेलं मूल हलत नाही, हे लक्षात ठेवा. बीएडला वर्ग शांत ठेवण्याचे पुष्कळ उपाय शिकवले, हा नाही शिकवला.

मे महिन्यात उलटा प्रकार. सोमवारी कपाट उघडाल तर आठ रंगांचा मिळून एकच गोळा झालेला असेल. त्याला डोंगर म्हणा आणि भूगोलाला वापरा.

ओल्या कागदावरच्या जलरंगांचंही तेच. कागद भिजवून फळीवर पसरायचा, वर पिवळा सोडायचा, शेजारी निळा, आणि दोघांच्या मधून हिरवा आपणहून उगवताना मुलांनी बघायचा. सुंदर आहे, वाद नाही. पण लू सुटलेली असताना ब्रश बुडवून मान वर करेपर्यंत कागदाचा पापड होतो, कडा वर. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम सकाळी पहिल्यांदा घ्यावं, तर तिथे मुख्य पाठ ठाण मांडून बसलेला. रोज सुमारे दोन तास, तीन-चार आठवडे एकच विषय, ही या पद्धतीची कण्याची गोष्ट. तिला हात लावायचा नाही. मग काय करायचं? कागद दोनदा भिजवायचा.

विणकामाची तयारी मात्र गंभीरपणे करा. पहिलीतली मुलं विणायला शिकतात, मुलगे धरून. लाकडी काड्या घासून सुयाही स्वतःच्या स्वतः करतात. म्हणजे त्याआधी बाईंना विणता आलं पाहिजे. मला येत नव्हतं. सुट्टीत व्हिडिओ बघून चौकोन विणायला घेतला, वीस टाक्यांनी सुरू झाला आणि सव्विसावर संपला. तो चौकोन गेटवर एका आजींनी पाहिला. नातवाला न्यायला आल्या होत्या, हातात त्यांचं स्वतःचं विणकाम, डोळे रस्त्यावर. त्यांनी माझा तुकडा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “मैडम जी, ये आपने बनाया है?” होय म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन आल्या. तेव्हापासून बुधवारी वर्गात तीन आज्या असतात, आणि मी मुलांच्या रांगेत बसते. गळलेला टाका उचलायला मला एका सहा वर्षांच्या मुलाने शिकवलं. त्याने ते सबंध शाळेला सांगितलं.

बासरीला घाबरू नका. पाच सुरांची असते, अर्धस्वर नाहीत. जी, ए, बी, डी, ई. पुस्तक याचं गूढ वर्णन करतं. तुम्ही जीला सा धरा, म्हणजे सा रे ग प ध. लहानपणी गाण्याच्या क्लासला तुम्ही याच सुरांवर वर्षभर बसलेल्या आहात. भूप आहे तो.

अक्षरं चित्रांतून काढायची असतात, सापाच्या वळणातून इंग्रजी एस, अशी. इथे हिंदीची बाराखडी आहे, आपला ळ तिच्यात नाही, म्हणून मी गप्प होते. मग एकदा शाळेतल्या मदतनीस ताई पावसाकडे बघून “काळा” म्हणाल्या, स्वच्छ ळ लावून. हरियाणवीत ळ आहे, फक्त शाळेत येत नाही. त्या दिवशी आम्ही जिलबीतून ळ काढला. अभ्यासक्रमात नव्हता, तुम्हीही कुणाला विचारू नका.

गणितात स्टायनरचं एक सांगणं सोन्यासारखं आहे: बेरीज उलट्या बाजूने शिकवा. पाच आणि सात किती, असं विचारू नका. बारा म्हणजे काय काय, ते विचारा. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर, दुसऱ्याला हवी तेवढी. पुस्तकं यासाठी शिंपले आणि अक्रोड सुचवतात. माझ्या वर्गात एका वडिलांनी पाठवलेले पिशवीभर नट आहेत, तेलाचा वास अजून जात नाही. “बारा म्हणजे काय?” मुलं वाटे पाडतात: सात-पाच, चार-चार-चार, अकरा-एक. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बारा म्हणजे तीन चाकं. चाकाला चार नट बसतात, हे मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरबद्दल थोडक्यात. या पद्धतीत लहान मुलांना पडद्यापासून दूर ठेवतात. नोव्हेंबरात हवा बिघडते, शाळा बंद ठेवण्याचा आदेश निघतो आणि तुम्ही मोबाईलच्या पडद्यावरून सांगता की पडदा वाईट. हसू आलं तर कॅमेरा बंद करा.

तिसरीला घरबांधणीचा पाठ असतो, आणि इथे फरीदाबादेत बाईंचं नशीब उघडतं. इतर ठिकाणी माती आणून बाहुलीएवढी झोपडी बांधतात. आपल्याला एनआयटी आहे, म्हणजे इथली निर्वासितांची जुनी वस्ती. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी 1949 पासून हे गाव उभं केलं, आणि ठेकेदाराची वाट न बघता घरं पुष्कळशी स्वतःच्या हातांनी बांधली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनची माणसं मदतीला होती. आणि मुलांच्या शिक्षणासाठी आल्या कोण, तर सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम. वर्ध्याला 1937 च्या परिषदेत जी नई तालीम ठरली, हाताने काम करता करता शिकण्याची, ती इथल्या छावणीत पोचली होती. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. सूत, माती, गवंडीकाम, सगळं या गावात होऊन गेलं होतं, आणि मी ते जर्मनीहून मागवत होते.

तर तिसरीचा पाठ असा घ्या. मुलांना जुन्या वस्तीत फिरवा, विटांचे थर मोजायला लावा. कुणाचे पणजोबा भेटले तर बसा. आमच्या एका मुलीच्या पणजोबांनी आम्हाला चुना कसा भिजवायचा ते तासभर सांगितलं आणि चहा देऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग थापी, पाणसळ आणि ओळंबा आणा. ओळंबा मुलांच्या हातात शेवटी द्या. मी आधी दिला, ती माझी चूक. नऊ मुलं तो घेऊन शाळेच्या भिंती तपासत सुटली आणि आमच्याच वर्गाची भिंत छपरापासून जमिनीपर्यंत बोटभर बाहेर निघाली. मोठ्या बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी भिंत बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री आला. भिंतीकडे त्याने पाहिलंही नाही. दोरा हातात घेतला, खालचं वजन थोडं हलवलं, थांबू दिलं.

“मैडम जी, दीवार ठीक है,” तो म्हणाला. “धागा टेढ़ा है.”

मुलं दुसरा दोरा आणायला पळाली.