प्लगपंडित

पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग निवडणं हे जगातलं सर्वांत सोपं काम आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत प्लगचा नंबर छापलेला असतो. तो चिठ्ठीवर उतरवायचा, दुकानात जायचं, चिठ्ठी पुढे करायची आणि पैसे द्यायचे. यात कुठेही डोकं लावायला जागा नाही आणि नेमकं हेच प्लगपंडिताला सहन होत नाही.

हा गृहस्थ पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास सापडतो. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त, अंगात बाह्यांचा बनियन, बर्म्युड्याच्या खिशात प्लगची फट मोजायचा फिलर गेज. गाडी बारा वर्षांची, रोज पुसलेली, महिन्याला अडीचशे किलोमीटर धावणारी, त्यातले निम्मे केवळ 'बॅटरी उतरू नये म्हणून'. रविवारी सकाळी बॉनेट उघडं दिसलं की शहाणी माणसं मागच्या जिन्याने उतरतात. समोर सगळे त्यांना नुसतं 'काका' म्हणतात. 'प्लगकाका' हे पाठीमागचं नाव. ते त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

या माणसाची जडणघडण बजाज चेतकवर झालेली असते. स्कूटर आडवी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही, तो काळ. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, प्लगवर काजळी धरायची, टोकांच्या फटीत कचरा अडकायचा आणि गाडी नेमकी लक्ष्मी रस्त्यावर सहकुटुंब बंद पडायची. मग बायकोमुलांना फुटपाथवर उभं करायचं, डिकीतून प्लगपाना काढायचा, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा आणि एका किकमध्ये गाडी सुरू करायची. त्या किकनंतर पोरांच्या डोळ्यांत जे दिसायचं, ते काकांना पुढे बढतीच्या पत्रातही दिसलं नाही. आताची गाडी बिचारी बंदच पडत नाही. सॉफ्टवेअरवाला मुलगा काही विचारत नाही. उरता उरली प्लगची निवड. तीच काकांनी जमेल तितकी अवघड करून ठेवली आहे.

"काका, प्लग बदलायचेत, कुठले घेऊ?" असं तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने विचारलं, तेव्हा काकांनी आधी हात पुसले.

"गाडी कशी चालवतोस?"

"म्हणजे?"

"घाटात पळवतोस की सिग्नलला उभा राहतोस?"

"हिंजवडीला जातो, काका."

"म्हणजे उभा राहतोस."

इथून पुढे पाऊण तास गरम आणि थंड प्लगवर व्याख्यान झालं. सांगतात ते खरं असतं, हीच तर अडचण आहे. प्लगचा गरमपणा म्हणजे ठिणगीचा जोर नव्हे. जळत्या पेट्रोलची धग प्लगच्या टोकाला बसते. ती किती लवकर इंजिनच्या हेडमध्ये उतरते, त्यावर हे ठरतं. आतलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. आखूड असेल तर पटकन निघून जाते, तो थंड. टोक साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. आठशे-साडेआठशेच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि मग पिस्टनचं काही खरं नाही. आता गंमत अशी, की एनजीके या जपानी कंपनीच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो आणि बॉश या जर्मन कंपनीचा आकडा वाढला की गरम. "दुसऱ्या महायुद्धात एका बाजूने लढले," काका म्हणाले, "पण एवढ्या साध्या गोष्टीवर एकमत नाही. हरतील नाहीतर काय!"

मग 'बीपीआर ६ ईएस' या नंबराची अक्षरं सुटी झाली. बी म्हणजे आटे १४ मिलिमीटरचे. आर म्हणजे आत रेझिस्टर. तो नसला तर पूर्वी रेडिओत खरखर यायची, आता गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात लुडबूड होते. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. जास्त लांबीचा प्लग घातलात तर पिस्टन खालून येऊन त्याला धडकू शकतो. पोरगा माना डोलावत होता आणि हळूच घड्याळ बघत होता. शेवटी काका म्हणाले, "तर या सगळ्याचा विचार करता तुला सहा नंबर योग्य."

पुस्तिकेतही सहाच होता.

खुद्द स्वतःच्या गाडीसाठी मात्र काकांना पुस्तिकेतला साधा निकेलच्या टोकाचा प्लग चालेना. इरिडियम हवा होता. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या ठरलेल्या दुकानात काका गेले की शेठ नोकराला सांगतात, "साहेबांना स्टूल दे." मग काका खोकं उघडून प्लग उजेडात धरतात, सोनार नथीतला मोती धरतो तसा. छपाई नखाने खरवडून बघायची, वॉशर फिरवून बघायचा, आटे निरखायचे. डुप्लिकेट मालाची एवढी भीती बाळगणाऱ्या माणसाला शेठ पंचवीस वर्षांत एकदाही डुप्लिकेट माल देऊ धजले नाहीत, याचं श्रेय दोघांपैकी कुणाला द्यावं हे ठरत नाही.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. काकांनी मागच्या रिक्षावाल्याला थांबवून सांगितलं, "इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला. म्हणून टोक ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं. टोक बारीक तर ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं. आणि ऐका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून डायनासोर मेले, ते या इरिडियमवरूनच कळलं. जमिनीच्या त्या काळच्या थरात हा धातू भरपूर सापडला. बाप-लेक अल्व्हारेझ, १९८०."

"दादा," रिक्षावाला म्हणाला, "माझी सीएनजी आहे, मला फक्त एक प्लग द्या."

काकूंनी बिल बघितलं. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "हे किती चालतात म्हणालात?"

"एक लाख किलोमीटर."

"आपली गाडी वर्षाला तीन हजार. म्हणजे तेहतीस वर्षं." चष्मा काढत त्या म्हणाल्या, "मृत्युपत्रात घाला. गाडी नातवाला आणि प्लग पणतूला."

खरी शोकांतिका पुढेच होती. इरिडियमचं टोक नाजूक. तारेच्या ब्रशने घासायचं नाही. फट कारखान्यातून जुळवून येते, ती फिलर गेज घुसवून कमी-जास्त करत बसायची नाही. बसवायचा आणि विसरून जायचं. काका दोन रविवार गाडीभोवती फिरले. तिसऱ्या रविवारी चारही इरिडियम निघाले, खोक्यात गेले, खोकं कपाटात गेलं, आणि जुन्या निकेलच्या प्लगची फट पुन्हा एकदा मोजली गेली. कारण विचारलं तर म्हणाले, "पिकअपमध्ये फरक वाटला." पिकअपमध्ये फरक पडायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं खरं असलं तरी काकांची थट्टा एका जागी येऊन थांबते. नवे प्लग निवडण्यात त्यांची अक्कल वाया जाते; जुने वाचण्यात नाही. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून काका चार प्लग ओळीने मांडतात आणि प्रत्येकाखाली बॉलपेनने सिलेंडरचा नंबर लिहितात. हा नंबर बहुतेक गॅरेजांत कुणी लिहीत नाही. मग निरीक्षण. चिनी माती फिकट बिस्किटी रंगाची असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला तेलकट काळा असेल तर त्या सिलेंडरमध्ये ऑइल उतरतंय; रिंग नाहीतर वाल्व्हचं सील बघा. पांढराफटक, टोकाला फोड आल्यासारखा दिसला तर इंजिन तापतंय, आणि मग काका विनोद करत नाहीत.

दुसऱ्या विंगमधल्या एका बाईंची गाडी मिसिंग करत होती. गॅरेजवाल्याने चार प्लग आणि चार इग्निशन कॉइल असा एकूण खर्च सांगितला होता. काकांनी इंजिन गार होऊ दिलं, प्लग काढले. चारही बिस्किटी, फट बरोबर. "प्लग निर्दोष आहेत," त्यांनी निकाल दिला. मग पहिल्या आणि दुसऱ्या सिलेंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. आधी पहिला सिलेंडर मार खात होता, आता दुसरा खाऊ लागला. म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. एक कॉइल बदलली, काम झालं. बसवतानाही आटे आधी हातानेच धरले, पाना शेवटी. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावून आटे गेले की प्लगच्या किमतीत नव्हे, हेडच्या किमतीत जातं. बाईंनी पैसे विचारले तेव्हा काका दुखावले. चहावर मिटलं.

हल्ली पार्किंगमध्ये दोन इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. काका त्यांच्याभोवती फेरी मारतात, वाकून बघतात आणि मालकाला आपुलकीने विचारतात, "यात रविवारी काढून काय बघता?" डिझेलवाल्यांना मात्र ते मोजतच नाहीत. त्यांच्या ग्लो प्लगचं काम इंजिन सुरू करताना चेंबर तापवायचं. ठिणगी नाही, तर पांडित्यही नाही.

तेव्हा वाचकहो, नवे प्लग घ्यायचे असतील तर पुस्तिका उघडा, नंबर बघा, तोच घ्या. कुणालाही विचारू नका. मात्र गाडी मिसिंग करत असेल तर काढलेले प्लग फेकू नका. कुठला प्लग कुठल्या सिलेंडरमधला, ते लिहून ठेवा आणि आपल्या सोसायटीतल्या काकांकडे घेऊन जा. रविवारी सकाळी जा, आणि नाश्ता करून जा.